बटणावरचं बोट

"दुखंडेदादा, बाबांना जास्त झालंय. ताईचंच नाव घेताहेत. तिला लगेच पाठवा." हेमांगीचा भाऊ फोनवर रडकुंडीला आला होता. रेकॉर्डिंगच्या खोलीत मोबाइल नेत नाहीत, म्हणून तिचा दादांपाशी ठेवलेला होता.

"निघालीच ती," म्हणत दादांनी फोन ठेवला. काचेपलीकडे हेमांगी मालिकेतलं लग्नाचं गाणं गात होती. शेवटचा अंतरा उरला होता. दादांचं आधी ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन, मग भजनांच्या कॅसेटी, आता मालिकांचं संगीत. एवढ्या वर्षांत दादा एकच गोष्ट शिकले होते. लागलेला सूर मध्येच सोडायचा नाही.

अंतरा संपला आणि पुन्हा फोन आला. वडील गेले होते.

दादा आत गेले नाहीत. आत बोलायचं बटण दाबून तिच्या हेडफोनमध्ये हळुवारपणे म्हणाले, "बाळ, बाबा गेले गं तुझे."

हेमांगी माइकसमोरच हंबरडा फोडून रडू लागली. मालिकेच्या पुढच्या भागात नायिकेचे वडील मरणार होते, आणि असं रडणं आजवर एकाही गायिकेला जमलं नव्हतं. दादा रेकॉर्डिस्टकडे वळले. "बंद करू नकोस. मघाशी भावाचा फोन आला तेव्हाच हिला सोडलं असतं, तर गाणंही गेलं असतं आणि हेही."

बोट अजून बटणावरच होतं.

रडणं थांबलं. हेमांगीनं काचेकडे पाहिलं. "मघाशी?"

रेकॉर्डिस्टनं मान खाली घातली. "दादा, तिच्या हेडफोनमधून तुमचं बोलणंही माइकवर आलंय."

"तेवढं कापून टाक."