अजून थोडं वाढ

दुसऱ्या घासालाच शिवदासने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि प्रेमा समजली, आजचंही ताट परत जाणार.

"बस झालं गं," तो म्हणाला.

"बांगड्याचं तिखलं आहे. सकाळी सहाला मार्केटात जाऊन आणले बांगडे, ते काय मांजरीसाठी?"

"त्या इंजेक्शनने भूकच मारून टाकलीय, मी तरी काय करू?"

वर आणखी एक पेला पाणी रिचवून तो हात धुवायला उठला. पाणी भरपूर प्या, असं म्हणे डॉक्टरनेच सांगितलं होतं. तेवढं एक पथ्य तो अगदी मनापासून पाळायचा.

दिवाळीनंतर घरात ताप येऊन गेला. आधी प्रेमा आठ दिवस झोपून होती, मग शिवदास. त्याच्या तपासणीत वजन चौऱ्याण्णव निघालं, साखरही वाढलेली. डॉक्टरने हल्ली निघालेलं ते वजन उतरवायचं इंजेक्शन चालू केलं, आठवड्याला एक. दर शनिवारी तो नाक्यावरच्या केमिस्टकडे जाऊन टोचून यायचा. याला आता पाच महिने झाले. पोट काही उतरलं नव्हतं, पट्टाही जुन्याच भोकावर होता. भूक मात्र पार गेली.

प्रेमाला त्याच्या वजनाचं काही पडलं नव्हतं. तिला हवं होतं त्याचं "अजून थोडं वाढ." भांडुपच्या या घरात पस्तीस वर्षं ते दोन्ही वेळा ऐकू यायचं. शिवदास गोड बोलणाऱ्यातला नव्हता. ही साडी तुला शोभते, असं त्याने जन्मात कधी म्हटलं नाही. पण भाकरीच्या तुकड्याने तो टोप पुसून घ्यायचा, बोटं चाटायचा आणि मान वर न करताच ताट पुढे करायचा. प्रेमाला त्यातच सगळं पोचायचं. आता ते ताट पुढे येत नव्हतं, आणि तो समोर असूनही तिला एकटं एकटं वाटायचं.

तिने काय कमी खटपट केली? आधी वाण्यावर राग काढला. मिरचीत दम नाही, मिठातसुद्धा भेसळ करतात मेले, म्हणत तीन दुकानं बदलली. गावाहून मसाला मागवला. पण खाणारं कुणी उरलंच नव्हतं. शेजारची लता पूर्वी वाटी घेऊन दारात उभी असायची, तिचंही डाएट सुरू झालं. मुलगा सुयोग रविवारी मुलुंडहून यायचा तो खाऊनच.

"श्रुतिकानेपण तेच इंजेक्शन घेतलंय, आई," तो बायकोचं सांगायचा. "हल्ली सगळेच घेतात ना."

एका सुईने अख्ख्या बिल्डिंगच्या चुली गार केल्या, असं प्रेमा म्हणायची आणि उरलेलं तिखलं फ्रीजमध्ये ढकलायची.

शेवटी एका बुधवारी तिने मनाशी ठरवलं. बारा वाजता शिवदास रोजच्यासारखा वाचनालयात पेपर वाचायला गेला, तशी तीही चपला घालून थेट केमिस्टकडे गेली. काउंटरवर चैतन्य होता, सुयोगच्या वर्गातला.

"चैतन्य, ह्यांना ते इंजेक्शन आता द्यायचं नाही. जाडे राहिले तरी मला चालतील."

चैतन्य गोंधळला. "काकी, काका घेतच नाहीत. दोन झाले आणि उलट्या सुरू झाल्या, डॉक्टरांनीच बंद करायला लावलं. चार महिने झाले असतील त्याला."

प्रेमा पायरीवरच उभी राहिली. इंजेक्शन नव्हतं, तर मग त्याची भूक गेली कुठे?

ती सापडली शंभर पावलांवर, घरी परतताना. 'नलिनीची खानावळ' अशी पाटी होती, तिच्या खिडकीतून प्रेमाला शिवदास दिसला. बाह्या वर सारलेल्या, मान खाली, बोटं चाटत होता. मग न बघताच त्याने ताट पुढे केलं आणि खानावळवालीने त्यात बांगडा वाढला. प्रेमाला रागाआधी रडू आलं. एका उभ्या रिक्षाच्या आड ती थांबून राहिली. तो ढेकर देत बाहेर पडला, घराकडे वळला, तेव्हा कुठे ती आत शिरली.

नलिनी तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठीच निघाली. पांढरे केस, घामेजलेलं कपाळ. प्रेमाला ते बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. म्हणजे तो फक्त जेवायलाच येत होता.

"आत्ता गेले ना, त्यांनी खाल्लं तेच द्या," ती म्हणाली.

तिखलं आलं. तिने एक घास खाल्ला, मग दुसरा. नुसता पाण्यात उकडलेला मासा. तिला हसूच फुटलं. यासाठी तिच्या हातचं टाकलं त्याने? कितीतरी दिवसांनी तिच्या छातीवरचं ओझं हललं. तिच्या हाताला अजून तोड नव्हती.

"मीठ आणा जरा. आणि तिखटाची पूड."

तिने चमचाभर मीठ घातलं, वर तेवढंच तिखट, आणि कालवून खाल्लं. काही फरक नाही. तिने आणखी एकेक चमचा घातला.

"बाई, तुम्हीच चाखून बघा," ताट सरकवत ती मोठ्याने म्हणाली. "हे असलं अळणी घालता माणसांना?"

नलिनीचा पारा चढला. तिने बोटावर रस घेऊन चाखला, आणि ठसका लागून तशीच मोरीकडे धावली. थुंकली, चुळा भरल्या, डोळे पुसत परत आली. आता जुंपणार, म्हणून प्रेमाने पदर खोचला.

नलिनी भांडली नाही. तिने ताट बाजूला केलं, खुर्ची ओढून समोर बसली आणि एकदम हळू आवाजात विचारलं,

"तुम्ही शिवदासभाऊंच्या मिसेस ना?"