पाठीवरचा पेला

आई गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकून मी साप्पोरोला माझ्या घरी परतले. दुसऱ्या सकाळी बाळाला पाजताना बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी तिकडे अकिताच्या घरी फोन भिंतीला टेकवला आणि प्लँकच्या व्यायामासाठी तातामीच्या चटईवर कोपरं रोवली. निवृत्त झाल्यापासूनचा त्यांचा हा नेम. आई त्यांच्या पाठीवर चहानं भरलेला पेला ठेवायची. “सांडला तर भांडी तुमच्या गळ्यात!” दहा वर्षांत बाबांनी एकदाही भांडी घासली नव्हती. “आजोबा, कंबर लोंबतेय!” बाळ झाल्यापासून आई त्यांना अशीच हाक मारायची; मी तिच्याच सुरात हटकलं. त्यांनी पोट आवळलं, कंबर उचलली. मानेपासून टाचांपर्यंत सरळ रेघ झाली. मग सवयीनं म्हणाले, “हं, ठेव आता.” पेला देव्हाऱ्यात होता, तिच्या फोटोपुढे. बाबा मान न वळवता थांबून राहिले. शेवटी मीच म्हटलं, “ठेवलाय. सांडू नका हं.” बाबांची कोपरं थरथरू लागली. पाठ मात्र हलली नाही.