कळवणारी व्यक्ती

वकीलबाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि सरळ केला. तो आधीच सरळ होता.

"अकराव्या रकान्यात तुझी सही हवी आहे," त्या म्हणाल्या. "उद्या शेवटचा दिवस."

समोरचा वकील एके काळी त्यांचा ज्युनिअर होता. सहा वर्षांपूर्वी एका अशिलासमोर त्यांनी त्याला चुकलेल्या स्वल्पविरामावरून झापलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. तेव्हापासून कोर्टाच्या जिन्यात गाठ पडली, की दोघंही हातातले कागद चाळायला लागत.

त्याने फॉर्म वाचला. नवा नियम त्यालाही ठाऊक होता. एकट्याने वकिली करणाऱ्या प्रत्येकाने आता दुसऱ्या एका वकिलाचं नाव द्यायचं. आपलं काही बरंवाईट झालं, तर त्याने ऑफिस उघडायचं, तारखा सांभाळायच्या, ज्याचे त्याचे कागद परत करायचे. नाव दिलं नाही, तर सनद पुढे चालू नाही.

"माझ्याकडेच कशा आलात?" त्याने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

"माझी फायली लावायची पद्धत तुला माहीत आहे."

हे उत्तर त्या घरून तयार करून आल्या होत्या. नाव शोधत महिनाभर फोन नंबरांची डायरी उघडून बसल्याचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. बरोबरीची एक मैत्रीण वारली होती. एक स्नेही वकिली सोडून मुलाकडे राहायला गेला होता. आणखी एकाला फोन लावला, तर तो म्हणाला, "कोण बोलतंय?" त्यांनी चुकीचा नंबर लागल्याचं सांगून फोन ठेवला.

"किल्ल्या?"

"एक जोड आणलीय."

"मृत्युपत्रं?"

"लोखंडी कपाटात. त्रेचाळीस आहेत. यादी दारावर आतून चिकटवलीय."

"यादी हातानेच लिहिलेली?"

"हातानेच."

तो किंचित हसला. सही करण्यासाठी त्याने पेन उघडलं आणि थांबला.

"बारावा रकाना राहिलाय, मॅडम."

"तो काही महत्त्वाचा नाही."

"आहे. 'कळवणारी व्यक्ती.' तुम्हाला काही झालं, तर ते मला कोण कळवणार?"

दुसऱ्यांचे कागद दोनदा वाचल्याशिवाय ज्या खाली ठेवत नसत, त्या वकीलबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"शेजारी कोणी?"

"वर्ष झालं, कुलूप आहे."

"तुमचे भाऊ?"

"माझ्या वाढदिवसाला फोन करतो. न चुकता." मग त्या म्हणाल्या, "सफाईला बाई येतात. मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यांच्याकडे घराची किल्ली असते."

"म्हणजे शुक्रवारी त्या गेल्यावर काही झालं, तर..."

"मंगळवारी कळेल." अशिलाला पुढची तारीख सांगावी, तशा त्या म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत प्रिंटर खडखडत होता. मग त्याने अकराव्या रकान्यात सही केली आणि बाराव्यात पुन्हा स्वतःचंच नाव लिहिलं.

"हे चालायचं नाही," त्या लगेच म्हणाल्या. "कळवणारा तूच आणि ज्याला कळवायचं तोही तूच?"

"रोज सकाळी साडेदहाला मी फोन करीन. उचलला नाहीत, तर मला कळेल."

"असं नियमात कुठे आहे?"

"चालत नाही, असंही कुठे लिहिलेलं नाही."

वकीलबाईंनी फॉर्म जवळ ओढून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. काढायला चूक सापडेना. त्यांनी किल्ल्यांची जोड टेबलावर ठेवली, फॉर्म पिशवीत घातला आणि उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागला.

"मॅडम?"

"आहे."

"बरं."

एवढंच. पहिले दोन दिवस त्यांना शाळेतल्या हजेरीसारखं वाटलं, थोडा रागही आला. तिसऱ्या दिवशी एका अशिलाने साडेदहाची वेळ मागितली, तेव्हा त्यांनी अकराची दिली.

रविवारी फोन आला नाही. सुट्टीच होती. दिवसाची सगळी कामं दहाच्या आत उरकून त्या खुर्चीत बसल्या होत्या. साडेदहा वाजून गेले. चष्मा पुसून झाला. पावणेअकराला त्यांनीच नंबर लावला. पलीकडे मुलांचा दंगा चालला होता, कोणीतरी भांडी विसळत होतं.

"मॅडम?" त्याचा आवाज एकदम बदलला. "काय झालं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "आहे."