पन्नासने भागलेला जिना

प्रिंटरमधून कागद बाहेर आला. त्याच्या मधोमध माशी बसून गेल्यासारखा एक ठिपका होता. पेन्सिलकाकांनी तो आधी फुंकून पाहिला, मग नखाने खरवडून पाहिला. शेवटी चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाला लावला, तेव्हा ओळख पटली. हा आपलाच जिना.

"झाला का नकाशा, काका?" मॅडम दारात उभ्या होत्या. मालकांची मुलगी, आणि आता स्वतःच मालक. "पाचच्या आत वर्कशॉपला गेला पाहिजे. नाहीतर मी बाहेरून काढून घेते. आणि एकदा बाहेर गेले की जिने बाहेरचेच होतील हं, आत्ताच सांगते."

काका आयुष्यभर जिने सोडून दुसरं काही काढत आले नव्हते. जिने बाहेर म्हणजे काकाही बाहेर, एवढं त्यांना संगणकाशिवाय समजत होतं.

"अहो, पडद्यावर डोंगराएवढा दिसतोय. कागदावर येता येता कुठे मुरतो देव जाणे."

"ऑनलाइन बघा ना. सगळं असतं तिथे."

सगळं होतं, हीच तर पंचाईत होती. पहिल्या व्हिडिओतल्या हसऱ्या तरुणाने काकांना मित्र म्हटलं, घंटीचं बटण दाबायला लावलं, आपल्या चॅनेलचा इतिहास सांगितला आणि जिन्यापर्यंत पोचायच्या आत "भेटू पुढच्या भागात" म्हणून निघून गेला. दुसऱ्यात कोणी बोलतच नव्हतं. ढोलकीसारखं काहीतरी वाजत होतं आणि पडद्यावरचा बाण डास पिसाळल्यासारखा फिरत होता. तिसऱ्या बाई मात्र खरंच चांगल्या होत्या. "आता वरचं निळं बटण दाबा," त्या प्रेमाने म्हणाल्या. काकांच्या पडद्यावर निळं बटण नव्हतं. खाली कोणीतरी तेच विचारलं होतं आणि त्यावर चौघांनी लिहिलं होतं, "छान माहिती."

सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं, "आकृती लहान दिसत असल्यास योग्य मापाने काढावी."

"योग्य मापाने!" काका पडद्यावर खेकसले. "मी काय अंदाजपंचे काढतो?"

पार्टिशनच्या पलीकडून कोणीतरी घसा खाकरला. तिकडे रबरकाका बसत. दुसऱ्याच्या नकाशातली चूक खोडून काढण्यात हयात गेलेला माणूस. दोघांत बोलणं नव्हतं. एका दरवाजावरून बिनसलं होतं, तो उजवीकडे उघडावा की डावीकडे. पुढे तो दरवाजा लागला, गंजला आणि भंगारातही गेला. अबोला मात्र टिकाऊ निघाला.

आरेखन शिकणाऱ्यांचा एक मराठी ग्रुप सापडला. काकांनी नाव न देता, एका बोटाने प्रश्न टाकला. "जिना कागदावर माशीएवढा येतो. घंटी दाबून झाली आहे. निळं बटण नाही. कोणी शहाणं असेल तर सांगा."

पहिलं उत्तर आलं, "मलाही हेच जाणून घ्यायचंय." दुसरं आलं, "संगणक बंद करून चालू करा." काकांनी केला. जिना तेवढाच राहिला, वेळ मात्र गेला.

मग पार्टिशनपलीकडे टकटक सुरू झाली, थांबली आणि तिसरं उत्तर आलं. लिहिणाऱ्याने स्वतःला नुसतं 'जुना गडी' म्हणवून घेतलं होतं.

"आधी हात धुतलेत का?"

काकांनी प्रश्न पुन्हा वाचला. ट्रेसिंग पेपरला घामट बोट लागलं की त्या जागी शाई धरत नाही. म्हणून पूर्वी इथे हात धुतल्याशिवाय कोणी नकाशाला शिवत नसे, आणि प्रत्येकाला खवटपणे हा प्रश्न विचारणारा माणूस एकच होता. आता ना ते कागद राहिले होते, ना ती शाई. कोपऱ्यातल्या बेसिनवर साबणाची एक झिजलेली वडी तेवढी वाळत पडली होती.

काका उठले. मुकाट्याने हात धुऊन आले.

उत्तर वाट बघत होतं. "मापं पन्नासने भागून काढलीत ना? जन्मभर काढली तशी? इथे भागायचं नसतं. जिना आहे तेवढाच्या तेवढा काढायचा, लहान करायचं काम छापताना यंत्र करतं. तुम्ही एकदा भागलंत, त्याने पुन्हा भागलं. व्हिडिओत हे सापडणार नाही. ही चूक ज्याने हाताने नकाशे काढलेत त्यालाच जमते." त्याखाली, जरा वेळाने आणखी एक ओळ उमटली. "माझी खिडकी मुंगीएवढी आली होती. दोन दिवस कोणाला दाखवली नाही."

काकांनी जिना पन्नासपट मोठा केला आणि छापला. कागदभर, पायरीला पायरी लागून, कठड्यासकट जिना बाहेर आला. मॅडमनी तो उभ्या उभ्या पाहिला, "बघा, ऑनलाइन सगळं असतं," म्हणाल्या आणि वर्कशॉपकडे घेऊन गेल्या.

काका खुर्चीत टेकले. बराच विचार करून त्यांनी लिहिलं, "आभारी आहे."

पार्टिशनपलीकडे टिंग वाजलं. मग टकटक सुरू झाली, एका बोटाची, सावकाश. काकांनी हनुवटी टेकून वाट पाहिली.

"आभार राहू द्या," उत्तर आलं. "तो दरवाजा उजवीकडेच उघडायला हवा होता."

"डावीकडे!" पेन्सिलकाका ओरडले. टाइप करत बसायला वेळ कोणाला होता?

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.