शेवटचा आशीर्वाद

माझी मैत्रीण या परक्या देशात आली आणि शाळेत बाई झाली. नव्याने आलेल्या मुलांना इथली भाषा शिकवण्यात तिने अख्खा जन्म घातला. आपला लेक मागे पडू नये म्हणून घरात मराठीला बंदीच! "आधी इथली भाषा पक्की होऊ दे, मग आपली," म्हणायची. मेलं ते 'मग' कधी उजाडलंच नाही. 'आई' आणि 'मावशी', एवढीच लेकाची मराठी.

तिला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा जिच्या जोरावर नाव कमावलं तीच भाषा पुसली गेली. तोंडात उरली फक्त मराठी.

आज शाळेच्या वाचनालयाला तिचं नाव दिलं. कार्यक्रम आटोपल्यावर लेक मला बाजूला घेऊन त्याच्या भाषेत म्हणाला, "मावशी, शेवटी शेवटी आई माझा हात धरून एकच ओळ सारखी म्हणायची. मी फोनवर रेकॉर्ड केलीय. आशीर्वादच असणार. भिंतीवर कोरून घ्यायचाय. अर्थ सांगतेस?"

शेजारीच, आईची सेवा केलेली नर्स त्याच्या तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

"यांनी आईचं इतकं केलं, की आता हिलाही त्यांच्याच हवाली केलंय," तो कौतुकाने म्हणाला.

तेवढ्यात पोरगी कळवळून रडली.

"दात येताहेत," नर्स हसली.

त्याने फोन माझ्या कानाला लावला.



"बाळा, कुणी नसलं की ही मला चिमटे काढते रे."