तळ्याला दोरी

सोसायटीचे सेक्रेटरी जितेश स्वतः वाकून दोरी बांधत होते. हॉलमधलं कलाप्रदर्शन तासाभरात उघडणार होतं. राजश्रीच्या तळ्याभोवती चार खांब उभे राहिले होते आणि एकावर पाटीही लागली होती: ‘हात लावू नये’.

तळं जेवायच्या टेबलाएवढं, उथळ. तळाशी काचेखाली एकात एक अशी दिव्यांची नऊ गोल कडी. केबिन रोडमागच्या खोलीत बसून राजश्रीने पाच महिन्यांत एकेक दिवा हाताने सोल्डर केला होता; बोटांवरचे चटके अजून पुरते बुजले नव्हते. पाण्यात हात घातला की एक कडं उजळायचं. जितके हात, तितकी कडी. हातच नसला तर नुसतं काळं पाणी. तेही जारचं, पिण्याचं, कारण आईने तसं बजावलं होतं.

“दोरी कशाला, सर?”

“सेफ्टी, मॅडम. पाणी आहे, करंट आहे.”

“पाण्यात करंट नाहीच. खाली पाच व्होल्टची बॅटरी आहे. मी रोज हात घालतेय की!”

“तुमचं वेगळं. आज पब्लिक येणार. कोणाचे हात कसे, आपल्याला काय माहीत? पाणी खराब होईल.” जितेशनी गाठ आवळली. “चीफ गेस्ट हात घालतील, फोटो होईल. बाकीचे लांबून बघतील ना. टेन्शन नका घेऊ.”

राजश्रीचं डोकं सणकलं. तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे खुर्चीवर केसरबाई, तिची आई, बसल्या होत्या. केसरबाईंचं माहेर महाडचं, चवदार तळ्याजवळचं. त्या मघापासून पाटीच वाचत होत्या.

“परत का गं?” एवढंच त्या म्हणाल्या.

राजश्री वाद घालत बसली नाही. हॉल भरला. प्रमुख पाहुणे आले, बाही सावरून त्यांनी पाण्यात हात घातला. मधलं एक लहानसं कडं उजळलं. फोटोवाला थांबून राहिला. पाहुणेही थांबले.

“बस, एवढंच?” त्यांनी विचारलं.

“मॅडम, पूरा चालू करा ना,” जितेश दातओठ खात कुजबुजले.

“पूर्णच चालू आहे,” राजश्री सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “एका हाताला एक कडं. हात साहेबांचा असला तरी एकच.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. राजश्रीने पिशवीतून वायर कापायची पक्कड काढली आणि दोरी कापली. मग पाटी उचलून जितेशच्या हातात दिली.

“या, हात घाला. सगळ्यांसाठीच आहे.”

कुणी हललं नाही. जो तो सेक्रेटरींच्या तोंडाकडे बघत राहिला. माणसं अशीच उभी राहणार असतील, तर दोरी असली काय नि नसली काय.

खुर्ची करकरली. केसरबाई उठल्या. गुडघ्यावर हात देत देत तळ्यापाशी आल्या. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि पाहुण्यांच्या हाताशेजारी आपले दोन्ही हात पाण्यात घातले.

तीन कडी पेटली.

पाहुणे कौतुकाने काहीतरी बोलले. केसरबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी ओंजळ भरून घेतली, जितेशकडे एकदा नीट पाहिलं, आणि सगळ्यांच्या देखत ते पाणी प्यायल्या.