नुसत्या फायब्रोब्लास्टची बशी

“ही पेशींची बशी धडधडतेच कशी? हृदयपेशींच्या बशीशी झाकणं बदललीस तू!” प्रयोगशाळेत सर माझ्यावर कडाडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नाव झाकणावर नाही, बशीवरच लिहिते.

त्यांच्यादेखत नवी बशी भरली. हृदयाची स्नायूपेशी एकही नाही, नुसत्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीच्या पेशी. त्या स्वतःहून धडधडत नाहीत. शेजारच्या स्नायूपेशीचा विद्युतप्रवाह आणि ओढ तेवढी पुढे पोचवतात.

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली तीही बशी धडधडत होती.

“खोटारडी!” सर ओरडले. बशीचे ठोके वाढले.

भिंगावरचा डोळा न काढता मी संतापाने त्यांचं मनगट पकडलं. “ओरडा अजून!”

नाडी आणि बशी, एकच ताल.

मग बशी थांबली.

सर ओरडतच होते. त्यांची नाडी मात्र लागत नव्हती.